बिनकार्बनची मोटार आणि अलिबागची पुळण

रायगडच्या किनाऱ्यावर ‘मोटार’ या एकाच शब्दाला तीन अर्थ आहेत. रस्त्यावरून धावते ती मोटार; नारळी-पोफळीच्या वाडीत विहिरीच्या काठी जी बसविलेली असते आणि जिच्यावर शिंपण्याचे सारे वेळापत्रक अवलंबून असते तीही मोटार; आणि मुलाची खेळण्यातील गाडी उघडून पाहिली असता आत रुपेरी डबीसारखी जी दिसते तीसुद्धा मोटारच. पहिलीशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. दुसरी आणि तिसरी यांच्या आयुष्यात मात्र एक लक्षणीय भेद आहे. वाडीतील मोटारीचे वाइंडिंग जळते, बेअरिंग ओरडू लागते, कपॅसिटर निकामी होतो, परंतु तिचे ‘कार्बन गेले’ अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. उलट खेळण्यातील मोटार बहुधा कार्बन झिजूनच बंद पडते. हा भेद का पडतो हे ज्याच्या नीट ध्यानात आले, त्याला रेडिओच्या आज्ञेने चालणाऱ्या गाडीतील जुनी मोटार काढून तेथे बिनब्रशची मोटार बसविणे म्हणजे वस्तुतः काय करणे, हेही आपोआप उमगेल.

माझ्या पुतण्यापाशी अशी एक गाडी आहे. खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाची, चारही चाकांना जोर देणारी, खडबडीत जमिनीसाठी उंच बांधणीची. ओहोटीच्या वेळी नागावच्या पुळणीवर ओल्या, घट्ट वाळूचा जो रुंद पट्टा उघडा पडतो, त्यावर ती चालविण्याचा त्याचा नित्याचा परिपाठ. एके दिवशी तो घरी आला तो गाडी छातीशी धरून. “काका, हिला जळका वास येतोय, आणि चढावर दमच धरत नाही,” एवढेच त्याने सांगितले. आम्ही पडवीत जुने वर्तमानपत्र पसरले आणि मोटार सोडविली. डबीचे झाकण उचकटताच कोळशाच्या बारीक भुकटीने बोटे काळी झाली. आतील तांब्याच्या तीन फाकांवर, जेथे दोन्ही बाजूंनी कार्बनचे ब्रश घासतात, तेथे खोलगट चर पडला होता. फाकांच्या फटींत हिरवट कळंक साचला होता, तो खाऱ्या पाण्याचा. आणि डबीच्या आतील चुंबकांना काळ्या वाळूचे कण केसांसारखे उभे चिकटले होते. एक ब्रश तर इतका आखूड झाला होता की त्यामागची स्प्रिंगच तांब्याला टेकू पाहत होती. मोटारीच्या मृत्यूचा पंचनामा करण्यास याहून अधिक पुरावा नको होता.

आता या तीन फाकांचे काम काय, ते पाहू. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून वीज वाहू लागली की त्या तारेवर प्रेरणा उत्पन्न होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कळले, आणि १८२१ साली मायकेल फॅरडेने त्याच तत्त्वावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखविली. परंतु तारेचे वेटोळे करून ते दोन चुंबकध्रुवांमध्ये ठेविले, तर ते अर्धा फेरा घेते आणि थबकते. कारण अर्ध्या फेऱ्यानंतर जी प्रेरणा त्याला पुढे लोटीत होती तीच त्याला मागे लोटू लागते. फिरणे अखंड चालावयाचे असेल तर ऐन मोक्याच्या क्षणी वेटोळ्यातील प्रवाहाची दिशा उलटावी लागते. साऱ्या विद्युत मोटारींचे मर्म या उलटापालटीत आहे. प्रश्न एवढाच की ती करावी कोणी.

वाडीतील पंपाच्या मोटारीपुरता या प्रश्नाचा निकाल वीजमंडळाने आधीच लावून दिलेला असतो. घराघरांत येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणजे शंभर वेळा आपली दिशा बदलते, आणि पंपाची मोटार त्या तालावर फिरते. घासणारा भाग तीत असण्याचे कारणच नाही. बॅटरीची वीज मात्र एकमार्गी. ती स्वतः होऊन कधी दिशा बदलत नाही. म्हणून बॅटरीवरच्या मोटारीत दांड्यावरच तांब्याच्या फाका बसवितात, ज्यांना कारागीर कम्युटेटर व शास्त्रीय ग्रंथ दिक्परिवर्तक म्हणतात. आणि त्यांवर दोन ब्रश दाबून धरतात. दांडा फिरला की फाका फिरतात, एका ब्रशखालची फाक सरून दुसरी येते, आणि वेटोळ्यातील प्रवाह आपसूक उलटतो. युक्ती फार सुंदर आहे, यात शंका नाही. चुंबकासमोर वेटोळे कोठे आहे ही बातमी आणि प्रवाह उलटण्याचा हुकूम, अशी दोन्ही कामे एकाच तुकड्याकडे सोपविलेली आहेत. परंतु त्याची किंमत घर्षणाने मोजावी लागते. अशा गाड्यांतील सर्वसाधारण मोटार, जी तिच्या मापावरून ‘५४०’ या नावाने ओळखली जाते, मिनिटाला सुमारे पंधरा हजार फेरे घेते. म्हणजे सेकंदाला अडीचशे. फाका तीन असल्याने प्रत्येक ब्रशखालून सेकंदाला साडेसातशे फटी जातात, आणि त्या प्रत्येक वेळी लहानशी ठिणगी उडण्याचा संभव असतो. पुतण्याच्या मोटारीतील चर हा त्या कोट्यवधी ठिणग्यांचा हिशेब होता.

बिनब्रशच्या मोटारीत ही सारी रचना उलटी केलेली असते. जे फिरत होते ते स्थिर होते, जे स्थिर होते ते फिरू लागते. तांब्याची वेटोळी बाहेरच्या कवचाला चिकटून स्वस्थ बसतात आणि दांड्यावर चुंबक बसवून तो मध्ये फिरविला जातो. तांबे हलतच नसल्याने त्याच्यापर्यंत वीज पोहोचविण्यास ब्रश लागत नाहीत. शिवाय तापणारे तांबे बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने त्याची उष्णता सरळ हवेत जाते, पूर्वीसारखी मध्यभागी कोंडून राहत नाही. राहिला तो उलटापालटीचा प्रश्न. तो मोटारीच्या बाहेर, एका काडेपेटीएवढ्या वा तिच्याहून थोड्या मोठ्या पेटीकडे सोपविलेला असतो. तिला गतिनियंत्रक म्हणावे, शौकीन लोक तिला ‘ईएससी’ म्हणतात. तीत सहा विद्युत-दरवाजांची रचना असते आणि एकेक दरवाजा बहुधा अनेक ट्रान्झिस्टरांचा मिळून बनलेला असतो. हे दरवाजे ठरलेल्या क्रमाने उघडून-मिटून बॅटरीच्या एकमार्गी विजेपासून तीन तारांत एकामागून एक उसळणारा प्रवाह निर्माण करतात. वाडीतील ज्याच्याकडे तीन फेजचा पंप आहे त्याला ठाऊक असते की पंप उलटा फिरू लागला तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. या चिमुकल्या मोटारीलाही तीनच तारा असतात, आणि ती उलटी फिरली तर इलाजही अक्षरशः तोच. फरक गतीचा. पंपाला सेकंदाला पन्नास आवर्तने पुरतात. दोन ध्रुवांची छोटी मोटार मिनिटाला चोवीस हजार फेरे घेऊ लागली की नियंत्रकाला सेकंदाला चारशे आवर्तने घडवावी लागतात, आणि चार ध्रुव असतील तर आठशे.

हुकूम देण्याचे काम असे नियंत्रकाकडे गेले. पण बातमीचे काय? चुंबकाचे तोंड कोणीकडे आहे हे कळल्यावाचून योग्य वेटोळ्यात योग्य क्षणी प्रवाह सोडता येत नाही. याचे दोन मार्ग आहेत. पहिला असा की मोटारीतच तीन हेर ठेवावेत. १८७९ साली अमेरिकेत एडविन हॉल याने असे दाखविले की, वीज वाहत असलेल्या पातळ पत्र्यावर चुंबक आणला तर पत्र्याच्या दोन कडांमध्ये अल्पसा विद्युतदाब उत्पन्न होतो. त्याच परिणामावर चालणारे तीन सूक्ष्म संवेदक चुंबकाची जागा क्षणोक्षणी नियंत्रकास कळवितात. दुसरा मार्ग अधिक चतुर आहे. तीन वेटोळ्यांपैकी कोणत्याही क्षणी दोनच कामावर असतात, तिसरे रिकामे असते. आणि त्या रिकाम्या वेटोळ्यासमोरून चुंबक जाताना त्यात, सायकलच्या डायनॅमोत होते तशी, वीज निर्माण होते. नियंत्रक ती उलट वीज वाचतो आणि तिच्यावरून चुंबकाचा पत्ता ओळखतो. येथे वेगळा हेर नेमावा लागत नाही. मात्र मोटार थांबलेली असता डायनॅमोही थांबलेला असतो, बातमी येणे बंद होते, आणि नियंत्रकाला पहिले पाऊल अंदाजाने टाकावे लागते. म्हणून अशा गाड्या सुटताना कधी कधी अडखळतात, थरथरतात. वाळूत रुतलेल्या चाकांना हे अडखळणे विशेष जाचते.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते अलिबागचेच आहे, आणि माझ्या मते या विषयाचा गाभाही त्यातच आहे. मुंबईस कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापन केली, आणि १८४१पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप सुरू झाले. शतकाच्या अखेरीस या वेधशाळेचा कारभार नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या हाती आला. त्या जागेवरील ते पहिले भारतीय संचालक. त्याच सुमारास मुंबईतील घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या ट्राम आणण्याची योजना पुढे आली, आणि मूस यांनी संकट ओळखले. ट्रामची मोटार एकमार्गी विजेवर, कार्बनच्या ब्रशवर चालणारी. तिच्यातून गेलेला प्रवाह रुळांवाटे परतताना बराचसा जमिनीत पाझरतो, आणि जेथे प्रवाह तेथे चुंबकीय क्षेत्र. सूक्ष्म सुयांना पृथ्वीचा आवाज ऐकू येणार कसा, जर दर काही मिनिटांनी शेजारून ट्राम गेली? म्हणून मुंबईपासून दूर, तरीही कुलाब्याच्या जुन्या नोंदींशी सांधा जुळेल इतक्या जवळ, अशी जागा शोधून १९०४ साली अलिबागेस चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या इमारतींना चुंबकत्व नसलेले साहित्य वापरले गेले. आणि १९०६पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुन्या-नव्या नोंदींची रुजवात घालण्यात आली. पुढच्याच वर्षी, १९०७त, मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागची वेधशाळा आजही काम करीत आहे, आणि तिची मातृसंस्था, भारतीय भूचुंबकत्व संस्था, याच रायगड जिल्ह्यात नव्या पनवेलला आहे. जगात इतक्या दीर्घ आणि अखंड चुंबकीय नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत. ज्या गावाला विजेच्या मोटारीमुळे ही वेधशाळा लाभली, त्या गावच्या मुलाने मोटारीतील चुंबक आणि प्रवाह यांचे नाते मुळापासून समजून घ्यावे, हे मला मोठे अगत्याचे वाटते.

त्या वेधशाळेत जे पृथ्वीचे क्षेत्र मोजतात ते सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला, म्हणजे एका टेस्लाचा तेवीस हजारावा हिस्सा. बिनब्रशच्या मोटारीतील निओडायमियमच्या चुंबकाचे स्वतःचे चुंबकत्व एका टेस्लाहून अधिक भरते. अंगठ्याच्या पेराएवढ्या तुकड्यात पृथ्वीच्या वीस हजारपटींहून अधिक तीव्रता साठविलेली असते. आणि हे चुंबक मिळेपर्यंत छोटी, जोमदार आणि स्वस्त बिनब्रशची मोटार शक्य नव्हती. कल्पना जुनी आहे: टी. जी. विल्सन व पी. एच. ट्रिकी या दोन अभियंत्यांनी घासणाऱ्या फाकांऐवजी ट्रान्झिस्टरने दिशा बदलणाऱ्या मोटारीचा प्रबंध १९६२ साली मांडला. परंतु त्या काळचे चुंबक दुबळे आणि ट्रान्झिस्टर महाग. १९८०नंतर जपानात मासातो सागावा व अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे लोह, निओडायमियम आणि बोरॉन यांचे नवे चुंबक सिद्ध केले, इकडे मोठा प्रवाह सोसणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, आणि पुढे या दोहोंचा संगम झाला. आज घराघरांत जे ‘बीएलडीसी’ पंखे लागत आहेत आणि जुन्या पंचाहत्तर वॉटच्या पंख्याचे काम तीस वॉटच्या आसपास करीत आहेत, तेही याच कुळातले.

आणि हा फेरफार केवळ खेळण्यात झाला आहे असे नव्हे. मुंबईची पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर पंधराशे व्होल्टच्या एकमार्गी विजेवर धावली. तिच्या आणि तिच्या वंशजांच्या मोटारी ब्रशच्या होत्या, आणि ते ब्रश तपासणे व बदलणे हे कारशेडमधील नित्यकर्म होते. नव्या गाड्या आल्या तेव्हा डब्याखाली परिवर्तक बसले, त्यांनी तारेतील विजेपासून तीन फेजची वीज बनविली, आणि मोटारींतील ब्रश गेले. पुतण्याच्या गाडीत पडवीवर जे झाले ते तत्त्वतः हेच.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नवी मोटार जुन्या जागी बसते की नाही ही पहिली धास्ती अनाठायी ठरते, कारण ५४०च्या मापाच्या बिनब्रशच्या मोटारी मुद्दाम त्याच साच्यात केलेल्या असतात: व्यास ३६ मिलिमीटर, लांबी सुमारे ५० मिलिमीटर, स्क्रूंच्या भोकांत २५ मिलिमीटरांचे अंतर. अडचण बसविण्यात नसते; ती निवडीत असते. या मोटारींवर ‘केव्ही’ नावाचा एक आकडा छापलेला असतो, आणि त्याविषयी फार गैरसमज आहे. त्याचा किलोव्होल्टशी काडीचा संबंध नाही. एका व्होल्टमागे मोटार बोजाविना मिनिटाला किती फेरे घेईल, एवढेच तो सांगतो. ३३०० केव्हीच्या मोटारीला दोन कोषांची ७.४ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी लावली तर फेरे होतात २४,४२०. २४०० केव्हीची असेल तर १७,७६०. दुकानात मोठा आकडा मनाला भुरळ घालतो. परंतु ज्या मोटारीचा आकडा लहान, ती प्रत्येक ॲम्पिअरमागे पीळ अधिक देते. २४००ची मोटार ३३००च्या मोटारीपेक्षा सुमारे ३७ टक्के अधिक. मोटारीच्या आतील तांब्याला याचा फारसा फरक पडत नाही, पण तेवढ्याच ओढीसाठी नियंत्रक, तारा आणि बॅटरी यांवरचा बोजा हलका होतो. वाळू ही सतत चढ चढण्यासारखी आहे. म्हणून किनाऱ्यावरील गाडीसाठी मी लहान आकड्याचाच पक्ष घेईन.

हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, म्हणजे भ्रम राहत नाही. पुतण्याच्या गाडीत मोटारीचे नऊ फेरे झाले की चाकाचा एक होतो. चाकाचा व्यास ८५ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २६७. १७,७६०ला नवाने भागून परीघाने गुणले तर ताशी साधारण ३२ किलोमीटर वेग येतो. २४,४२० घेतले तर ४३. प्रत्यक्षात वाळूवर याहून बराच कमी मिळतो. पण कठीण रस्त्यावर हा दुसरा आकडा काय करतो हे लक्षात घ्यावे: आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ३२च्या ४३ झाल्याने धडक जवळजवळ दुप्पट होते. दोन किलोची वस्तू त्या वेगाने पोटरीवर आदळली तर ते खेळणे राहत नाही.

मोटार आणि नियंत्रक ही जोडी बदलली म्हणजे काम संपले, असे समजणारे बहुतेक लोक आठवडाभरात गिअरचे दात गोळा करताना दिसतात. मूळ गाडीतील प्रत्येक भाग जुन्या, सौम्य मोटारीच्या मानाने बेतलेला असतो. पितळी वा प्लास्टिकच्या बुशिंगच्या जागी बॉलबेअरिंग घालावीत. मोटारीवरचे छोटे दातचक्र, ज्याला पिनियन म्हणतात, त्याचे दात दोन-तीनने कमी करावेत, म्हणजे वेग थोडा उतरून ओढ वाढते आणि मोटार थंड राहते. बॅटरीचा जुना पांढरा प्लग मोठ्या प्रवाहाला वितळतो; त्याऐवजी साठ ॲम्पिअर सोसणारा जाड जोड डाख देऊन लावावा. आणि पिनियन व मोठे दातचक्र यांची जुळणी हा तर स्वतंत्र संस्काराचा विषय आहे. आम्ही वहीच्या कागदाची एक पट्टी फाडली, ती दोन्ही चक्रांच्या दातांमध्ये घातली, मोटार तिच्यावर बेताने दाबून स्क्रू आवळले आणि मग चक्र फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर दातांच्या घड्या उमटल्या होत्या, पण ती कोठे फाटली नव्हती. एवढीच फट हवी. फाटली तर जुळणी घट्ट, घड्याच उमटल्या नाहीत तर सैल. कोणत्याही मोजमापयंत्रावाचून साधणारी ही कसोटी मला या साऱ्या खटाटोपातील सर्वांत समाधानकारक गोष्ट वाटली.

जुन्या मोटारीच्या पाठीवर इवलेसे कपॅसिटर जोडलेले असतात, ते ठिणग्यांमुळे रेडिओत होणारा उपद्रव शोषून घेण्यासाठी. ठिणगी ही स्वतःच एक प्रक्षेपक असते. १८८०च्या दशकात हर्ट्झने रेडिओलहरी प्रथम निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. बिनब्रशच्या मोटारीत ठिणगी नाही, तेव्हा ते कपॅसिटर काढून नव्या मोटारीला लावू नयेत. रेडिओही बदलला आहे. पूर्वीची खेळणी २७ मेगाहर्ट्झवर चालत, आणि दोन मुलांच्या गाड्या एकाच किनाऱ्यावर आल्या तर एकाच्या आज्ञेने दुसऱ्याची गाडी समुद्रात शिरे; आता २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक प्रक्षेपक आपल्याच ग्राहकाशी बांधलेला असतो, आणि अल्पशक्तीच्या अशा साधनांना आपल्या देशात परवान्याची अटही नाही. येथे एक सुरक्षेची तजवीज न विसरता करावी: प्रक्षेपक बंद पडला वा गाडी पल्ल्याबाहेर गेली तर नियंत्रकाने मोटार थांबवावी अशी योजना त्यात असते, ती घरीच, चाके जमिनीवरून उचलून, तपासून पाहावी.

बॅटरीविषयी मात्र सक्तीनेच सांगितले पाहिजे. लिथियम-पॉलिमर कोष पूर्ण भरला असता ४.२ व्होल्टचा असतो आणि तो ३च्या खाली उतरू देणे म्हणजे त्याला कायमचा अधू करणे. म्हणून नियंत्रकात बॅटरीची जात निवडावी लागते. जुन्या निकेलच्या बॅटरीची निवड तशीच राहिली तर नियंत्रक वेळेवर थांबणार नाही. भरणे ते संतुलन करणाऱ्या चार्जरनेच, दोन्ही कोष समान ठेवून, आणि माणूस जवळ असतानाच. फुगलेला कोष पुन्हा वापरू नये. उन्हात तापलेल्या मोटारीच्या डिकीत ती बॅटरी ठेवू नये. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी घरात आणू नये. मीठ सुकत असताना आतल्या आत प्रवाह जुळून ती काही तासांनंतरही पेट घेऊ शकते.

आणि शेवटी पुळण. अलिबाग, आक्षी, नागाव या किनाऱ्यांवर लाट परतताना वाळूवर काळ्या रेघा सोडून जाते, त्या सर्वांनी पाहिल्या आहेत. कागदात गुंडाळलेला चुंबक त्या रेघेवरून फिरविला की कागदावर काळी लव उभी राहते. हे मॅग्नेटाइटचे कण, सह्याद्रीच्या काळ्या फत्तरातून झिजून नद्यांनी समुद्रापर्यंत आणलेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा थंड झाला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते, आणि दख्खनच्या पाषाणाच्या मोठ्या भागात ती उलटी दिशा अजून गोठलेली आहे. किती लांबचा हा प्रवास, आणि त्याचा अंत एका खेळण्यातील मोटारीच्या फटीत! कारण हे कण चुंबकाकडे धावतात, आणि चुंबक आणि वेटोळी यांमधील केसाएवढ्या पोकळीत शिरून घासत राहतात. म्हणून या किनाऱ्यासाठी बंद कवचाची, आतला चुंबक फिरणारी मोटार घ्यावी. ज्यांचे बाहेरचे कवचच चुंबकांसह फिरते त्या उघड्या बांधणीच्या मोटारी हवेतल्या यंत्रांना ठीक, आमच्या वाळूला नव्हेत. संवेदक असलेली मोटार सुटताना गोड चालते हे खरे, परंतु तिची बारीक सहा तारांची पट्टी आणि तिचे जोड खाऱ्या दमटपणाला लवकर बळी पडतात. म्हणून सुरुवातीचे थोडे अडखळणे पत्करूनही मी येथे संवेदकाविना चालणारी मोटारच पसंत केली.

मोटारीच्या वेटोळ्यांवर रोगण असते, त्यामुळे पाण्याचे तिला तेवढे भय नाही. मीठ मात्र तिच्या बेअरिंगचा वैरी आहे. तापमानाचे पथ्यही पाळावे. साधारण प्रतीचे निओडायमियम ऐंशी अंशांपलीकडे आपले चुंबकत्व कायमचे गमावू लागते, आणि गेलेले चुंबकत्व घरी कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. पाच मिनिटे चालवून कवचाला बोट लावावे. दोन-तीन सेकंद टेकविता येत नसेल तर पिनियनचा आणखी एक दात उतरवावा.

आमच्या गाडीला नवी मोटार बसली ती दिवाळीच्या सुटीत. तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ती बहुतेक प्रत्येक रविवारी पुळणीवर धावली. एवढ्या अवधीत पहिल्या मोटारीचे कार्बन दोनदा बदलावे लागले असते. हिची दोन बेअरिंगे तेवढी एकदा बदलावी लागली, आणि तीही ज्या दिवशी आम्ही गाडी न धुता ठेवून दिली त्याच्या पुढच्याच आठवड्यात. ज्यांना हा फेरफार करावयाचा असेल त्यांनी किनाऱ्यावरून परतल्याबरोबर आधी बॅटरी काढावी, मग गाडी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी आणि मोटारीच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगला एकेक थेंब तेल द्यावे, जेवण त्यानंतर.